घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने

चिरंजीव सहा आठवड्यांचे झाले आणि घरात संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. दिवसभर शहाण्यासारखं झोपणारं पोर दिवेलागणीला मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन टाहो फोडायचं. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा येऊन आमच्याकडे संशयाने बघून गेल्या.

आईचं निदान तयार होतं. "दृष्ट!" मीठ-मोहरी ओवाळून झाली. ठसका आम्हाला लागला, पोराने पट्टी चढवली. मग कोमट पाण्यात कालवलेला हिंग बेंबीभोवती लागला. आता घरात रडणं होतंच, वर फोडणीचा वासही आला.

मालिशवाल्या मावशींचं काम पाहावं. पाय लांब करून बसतात, पोराला पायांवर पालथा घालतात आणि खोबरेल तेलाने असा रगडतात की बघणाऱ्याचा जीव खालीवर. पोर मात्र हूं की चूं करत नाही. पण मावशी येतात सकाळी दहाला, आणि गॅस होतो सातला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कॉलिक. दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यातून ३ दिवसांहून जास्त रडणं, ही व्याख्या १९५४ पासून चालत आली आहे. तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं."

"तोवर?"

"तोवर पोट चोळा. दूध पाजल्या पाजल्या नको. हलक्या हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं. हात त्याच वाटेने न्यायचा."

इंजिनिअर माणसाला एवढं पुरेसं असायला हवं. सातला तळहाताला तेल लावलं, चोळून कोमट केलं आणि उजवीकडून सुरुवात केली.

"त्याचं उजवं!" बायको ओरडली. "तुझं डावं!"

मी दिशा बदलली. मग पुन्हा बदलली. मनगटावरच्या घड्याळाला काटेच नाहीत. शेवटी आहेरात आलेलं, सव्वाचारला बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून पोराच्या शेजारी ठेवलं. बायको बोटाने मिनिटकाटा ढकलत होती आणि मी त्याच्या मागोमाग हात फिरवत होतो. बारा, तीन, सहा, नऊ. पांढऱ्यावरचे ते ठसठशीत काळे आकडे बघून पोर क्षणभर रडायचंच विसरलं. तेवढ्यात मी त्याचे दोन्ही पाय धरून हळूहळू सायकल चालवली, गुडघे अलगद पोटावर दाबले.

साडेसहा पौंडांनी जन्मलेल्या जिवातून एवढा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. लंगोट माझ्याकडेच उघडा होता, त्यामुळे आवाजापाठोपाठ जे आलं ते शर्टावर आलं. पोराच्या मुठी सुटल्या.

मी विजयी मुद्रेने वर पाहिलं. देवघरातून आईचा आवाज आला, "उतरली ना दृष्ट? मी म्हटलंच होतं."