बाहेर गेलेल्याच्या खुर्चीत वहिनी!

काल रात्री आमच्या सोसायटीच्या कमिटीत जे झालं, त्यानं डोकं अजून तापलंय. विषय टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा. कोटेशनं आलेली, त्यातलं एक कमिटीतल्याच एका सभासदाच्या मेव्हण्याचं. सभासद उठले, "माझा संबंध आहे, मी बाहेर थांबतो." बरोबर केलं. उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, तेच लिहिलंय.

आणि सेक्रेटरी म्हणतात, "कोरम मोडतोय न्हवं, त्यांच्या जागी वहिनी बसू देत की!"

वहिनी! म्हणजे कोटेशनवाल्याची सख्खी बहीण! कमिटी 11 जणांची, कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, 6 ची, आलेले 6 च. म्हणून नवरा जिन्यात उभा आणि बायको त्याच खुर्चीत बसून भावाच्या कामाला हात वर करणार. केला वर. सहीसुद्धा केली. ठराव पास!

मी म्हटलं, हे चालत नाही. तर अध्यक्ष, "दादा, किती कायदा काढतासा? दहा मिनिटांचा विषय हाय."

काढणारच. 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा सांगतो, मत स्वतः द्यायचं, दुसऱ्याकरवी नाही. आणि या वहिनी तर कमिटीवर निवडूनच आलेल्या नाहीत! माणूस बाजूला झाला की त्या विषयापुरतं त्याचं मत गेलं. ते दुसऱ्याच्या हातानं परत आणायचं असेल, तर तो बाहेर गेला कशाला? कोरमची अडचण कंपनी कायद्यालाही माहीत होती. हितसंबंध असलेले संचालक दोन तृतीयांश किंवा जास्त झाले, तर हजर असलेल्या उरलेल्यांतले किमान दोघे कोरम धरतात. उरलेले! घरून बोलावलेले नव्हेत. तिथे पर्यायी संचालक, म्हणजे मूळ संचालकाच्या जागी बसणारा, असतो, पण मूळ संचालक किमान तीन महिने देशाबाहेर असेल तेव्हा. जिन्यात उभा असेल तेव्हा नाही. पर्यायी सभासद हवेतच ना? मग उपविधीत आधी तरतूद करा, नावं आणि क्रम आधी ठरवा. विषय बघून माणूस निवडायचा नाही. तरतूद नसेल तर बैठक तहकूब करा, पुढच्या आठवड्यात घ्या. टेरेस कुठं पळून जात नाही.

पण इथं आधीपासून सगळं असंच. साताची बैठक आठाला. सूचक-अनुमोदकांची नावं नंतर भरायची. महत्त्वाचं सगळं "आयत्या वेळच्या विषयां"त कोंबायचं. इतिवृत्तावर सह्या घरोघरी फिरून. दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायटी, कोल्हापुरात घरटी एक माणूस कुठल्या तरी संचालक मंडळावर बसलेला, आणि यांना कोरम म्हणजे डोकी मोजणं एवढंच कळतं!

"माझा विरोध इतिवृत्तात लिहा" म्हटलं, तर म्हणे, "आता कशाला वाद?" वादच घालायचाय मला. सोमवारी लेखी हरकत देणार, पोच घेणार, आणि एक प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. तो ठराव रद्द झाल्याशिवाय माझ्या वर्गणीतला एक रुपया त्या कामाला जाऊ देणार नाही.