गुलाबी थंडी, गुलाबी अळी

सगळ्यात आधी आजार निवडा.

बायकोला घेऊन एक दिवस नागपूरला फिरायला जावं असं तुमच्या मनात आलंय, छानच आहे. मोबाइलवर तुम्ही ते सगळं पाहिलं असणार: धुक्यातला तलाव, कॉफीचे दोन कप, एका शालीत दोघं. पण आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात (समुद्र नुसता नावात आहे) कुठल्याही फाट्यावर नवराबायको दोघंच, पोरांशिवाय, इस्त्रीच्या कपड्यांत सकाळच्या एसटीची वाट पाहताना दिसले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कोन भरती हाय गा?" आमच्याकडे नागपूर म्हणजे एक मोठा दवाखाना, आणि त्यातून उरलेल्या जागेत हायकोर्टाचं खंडपीठ. या दोन कामांशिवाय कोणी तिकडं जातं यावर गावाचा विश्वास नाही. 'फिरायला चाललो' असं खरं सांगून पाहा. संध्याकाळपर्यंत तुम्ही वावर विकल्याची बातमी पसरलेली असेल.

तेव्हा आजार. दातांचा नको, त्याला हिंगणघाट पुरतं. पोटाचा सांगाल तर माय ओवा आणून देईल आणि समोर उभी राहून चावायला लावेल. मी बायकोची डोकेदुखी निवडली होती. अर्धंच दुखते, मशीनमधून फोटो काढावा लागते, सगळं पाठ केलं होतं. माय तुरीच्या शेंगा सोलत शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "माह्यंबी दुखते. मीबी येतो." तो रविवार गेला. त्यातून निघालेला नियम तुम्हाला फुकट देतो: आईला नसलेला आजार निवडा. वाटतं तितकं सोपं नाही ते. शेवटी मी डोळ्यांवर आलो. मायचा मोतीबिंदू मागच्याच वर्षी शिबिरात निघाला होता, त्यामुळं त्या खात्यात तिचं काही बाकी नव्हतं. डोळ्यांचं आणखी एक बरं असतं. परत येताना चष्मा नसला तरी 'नंबर नाही लागला' एवढं म्हटलं की भागतं.

आता तारीख. डिसेंबर-जानेवारीत गुलाबी थंडी पडते असं शहरातले लोक म्हणतात. त्यांच्याकडे 'गुलाबी' हा शब्द थंडीला लागतो, आमच्याकडे तो बोंडअळीला लागतो. २०१७ साली या अळीनं विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशी पोखरली, की बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत ती गुलाबी पाहुणी बसलेली. तेव्हापासून मी गुलाबी साडीसुद्धा आधी उलटून पाहतो. बाकी थंडीत काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. शहरात लोकांनी शेकोटीसोबत फोटो काढले. आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रपाळीची लाइन होती, म्हणजे ओलिताची वीज फक्त रात्री. मी गव्हात दांड फोडून पाणी वळवत होतो, बायको टॉर्च धरून धुऱ्यावर उभी होती, आणि दोघांचे दात एका तालात वाजत होते. दोन जीव एक होतात म्हणतात ना, त्याच्या सगळ्यात जवळ आम्ही त्या रात्री पोचलो.

तर तारीख काढताना पंचांग ठेवा बाजूला आणि लाइनचं वेळापत्रक घ्या. दिवसपाळी असेल त्या आठवड्यात ओलित सोडून जाता येत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात रात्रभर जागून जाता येत नाही. उरलेल्या आठवड्यात खुशाल जा. त्यातही वेचाईला बाया मिळाल्या असतील तर त्यांच्यामागं कोणीतरी पाहिजे, आणि मिळाल्या नसतील तर तुम्ही दोघं आहातच.

अधिवेशनाचे दिवस टाळा असं सगळे सांगतात. मी तसं म्हणणार नाही. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षातून एक तरी अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विदर्भातली जोडपी होती की नाही कोण जाणे, पण सोय फार उत्तम झाली. आमच्या गावातलं एक जोडपं दर डिसेंबरला मोर्चात जातं. कोणाच्याही मोर्चात. गाडी फुकट, जेवणाचं पाकीट फुकट, वर डोक्याला बांधायला रुमाल. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलीस अडवतात, आणि मग चार तास हिवाळ्याच्या उन्हात रस्त्यावर एकमेकांना खेटून बसायचं. शेजारी पोलीस उभा असूनही कोणी हटकत नाही. मागण्या काय होत्या ते दोघांनाही कधी आठवत नाही. ऊन चांगलं होतं म्हणतात.

एवढं जमलं की गुप्तता पाळा. मी फक्त मायला सांगितलं होतं. रात्री आठपर्यंत ओसरीवर पिशव्या जमल्या. चुलत्याला फवारणीच्या पंपाचं नोझल पाहिजे होतं, जुनं नमुन्याला सोबत दिलं, तेही औषधाच्या वासासकट. आबाजींच्या कानातल्या मशीनचे सेल. टेकडीच्या गणपतीला मायचा नारळ. शेजारच्या काकूंनी तर तीन वर्षांपूर्वीचा कमरेचा एक्स-रे आणून दिला. "आता जाऊनच राह्यले दवाखान्यात, तं हाबी दाखवजो." डोळ्यांच्या डॉक्टरला कंबर कशी दाखवायची, हे त्यांना विचारायची सोय नव्हती.

आणि ल्यूर. बांधाशेजारच्या भाऊंच्या हरभऱ्यावर घाटेअळी दिसायला लागली होती, त्यांना कामगंध सापळ्यांसाठी डझनभर ल्यूर पाहिजे होते. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी टांगायची, नर पतंग त्या वासानं धावत येतात आणि अडकतात. हेक्टरी पाच सापळे. कापसावरच्या गुलाबी अळीचा हिशेब तर याहून चोख आहे: एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणी करायची. आमच्या गावात 'कामगंध' असा शब्द ग्रामपंचायतीच्या भिंतीवर उघड लावायची मुभा फक्त कृषी खात्याला आहे. बाकी कोणी लावला असता तर भिंतीसकट काढला असता.

प्रवास एसटीनंच करा. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे जोडप्यामागं रुपयाला चार आण्यांची सूट. इतकं स्वस्त प्रेम आपल्याला यापूर्वी कोणत्याही सरकारनं दिलेलं नाही. जाम गेलं, बुटीबोरी गेलं, आणि वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली. १९७६ सालची संस्था. मी मान वळवून पाहत राहिलो. बायकोनं माझ्याकडं जसं पाहिलं, तसं बायका नवऱ्यानं दुसरीकडं वळून पाहिल्यावर पाहतात. तेव्हा ती संस्था येईपर्यंत झोपेचं सोंग घ्या.

खापरीला उतरा आणि मेट्रो धरा. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे: खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, सगळ्यात वर तुम्ही दोघं. याहून रोमँटिक उंची आपल्या भागात फक्त रात्री पीक राखायच्या, जागलीच्या माळ्याला असते. आम्ही सवयीनं समोरासमोर बसलो, ती बायांत, मी माणसांत. बऱ्याच वेळानं ती काचेला नाक लावून म्हणाली, "का जी, एवढे सारे स्लॅब, अन् कोनं काहीच वाऊ घातलं नाही?" मग मीही पाहिलं. खरंच, अजनीपर्यंत एका गच्चीवर ना मिरची, ना कुरोड्या, ना तुरी. टाक्या आणि टाक्या. पुढची दोन स्टेशनं आम्ही दोघं मिळून त्या वाया चाललेल्या उन्हाची हळहळ करत होतो.

बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, उतरल्यावर ऐतिहासिक वातावरण हवं असेल तर डोक्यावर किल्ला आहेच. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती इथंच, ऐन हिवाळ्यात. पण किल्ला लष्कराकडं आहे, वर्षातले मोजकेच दिवस लोकांना आत सोडतात. हिवाळ्यातला त्यातला दिवस म्हणजे २६ जानेवारी, आणि त्या दिवशी पोराच्या शाळेत भाषण. म्हणून आम्ही टेकडीचा गणपती केला, मायचा नारळ फोडला आणि अर्धा प्रसाद पुरावा म्हणून बांधून घेतला.

मग महाराजबाग. इथं मी चुकलो, तुम्ही चुकू नका. बाग म्हटलं की फुलं, झाडाखालचा बाक असं डोळ्यांसमोर येतं. पण महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडं आहे, शेजारीच कृषी महाविद्यालय. तिकीट काढून वाघ पाहायचा हे बायकोला पटेना. गिरडच्या जंगलाकडून आमच्याकडं तो पैसे न घेता येतो. मग मीच म्हटलं, चल, बाहेरून महाविद्यालयाची शेती तरी पाहू. कुंपणाला टेकून आम्ही अर्धा तास हरभऱ्याला फुलं किती आलीत ते पाहत उभे होतो. शेजारच्या बाकावर एक पोरगा-पोरगी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत होते. आमच्याइतकं एकाग्र मात्र तेही नव्हते.

खाण्याबद्दल थोडक्यात. सकाळी तर्री-पोहे खा, पोहे कमी आणि वर चण्याचा लाल रस्सा जास्त. दुपारी सावजी. सावजी जेवताना दोघांच्याही डोळ्यांतून सारखंच पाणी येतं, आणि अशा वेळी बायकोनं एकदम हात धरला तर भावूक होऊ नका. ती म्हणेल, "ढोरं पान्यावर नेले असतील का पोट्ट्यानं?" कॅफेत जायचंच असेल तर मेनूकार्ड तिच्या हाती पडू देऊ नका. कॉफीच्या फेसावर बदाम काढून देतात, तो पाहून तिनं आधी किंमत वाचली, मग एवढ्यात किती चायपत्ती येते ते सांगितलं, आणि मग तो बदाम मोडू नये म्हणून काठाकाठानं पीत राहिली. कप अर्धा झाला तरी बदाम शाबूत होता. हे मी तिला अजून बोललो नाही.

बर्डीवर तिबेटी स्वेटरवाले बसतात. तिच्यासाठी घ्यायला जा. तिथून पोराचं, पोरीचं आणि मायचं घेऊन निघाल.

संध्याकाळी फुटाळा तलाव. मावळता सूर्य, पाण्यावरून येणारा गार वारा, भिंतीवर ओळीनं बसलेली जोडपी. ही वेळ सगळ्यात महत्त्वाची असल्यानं तुमच्यात हातभर अंतर राहू द्या. कारण फुटाळ्यावर गावातलं कोणीतरी भेटतंच. आम्हाला पोलीसपाटलाचा पुतण्या भेटला, इथं राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याच्या शेजारीही हातभर अंतरावर कोणीतरी होती. त्यानं आम्हाला पाहिलं, आम्ही त्याला पाहिलं. मग तो चेहरा गंभीर करून जवळ आला. "वहिनी, कोन भरती हाय?" बायको म्हणाली, "कोनी नाही, डोळे दाखवाले आलतो. तू?" तो म्हणाला, "मीबी डोळेच." परीक्षेत पास होईल पोरगा.

परतीच्या मेट्रोत सामान तपासतात. माझी पिशवी मशीनमधून गेली आणि थांबली. नोझल निघालं, एक्स-रे निघाला, सेल निघाले, मग ल्यूरचं पाकीट. गार्ड कोवळा पोरगा होता. "ये क्या है?" त्यानं नागपुरी हिंदीत विचारलं. रांग मागं वाढत होती. मादी पतंगाचा वास, हे त्या रांगेसमोर कसं सांगावं या विचारात मी असताना त्यानं पाकीट उलटलं, वाचलं आणि आवाज एकदम उतरवून म्हणाला, "हरभऱ्यावर लय हाय का जी अळी यंदा? आमच्याकडं उमरेडले तं घाटे पोकळ करून राह्यली." मग त्याला लिंबोळी अर्क सांगितला, फुलोऱ्यातच लक्ष ठेवायला सांगितलं, पक्ष्यांना बसायला वावरात काड्या रोवायला बायकोनं सांगितलं. मागचे लोक ओरडेपर्यंत चाललं ते. सगळ्या दिवसात आम्ही दोघं मिळून इतकं कोणाशीच बोललो नव्हतो.

शेवटच्या एसटीत तिला खिडकी द्या. बुटीबोरीच्या पुढं ती झोपेल, आणि डोकं तुमच्या खांद्यावर येईल. हलू नका. कंडक्टर ओळखीचा असला तरी हलू नका, त्यालाही वाटेल पेशंट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकू केळी घेऊन हजर. पाठोपाठ आणखी दोघी. ओसरीवर बसल्या, बायकोच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. रात्रीच्या झोपेनं ते लाल होतेच.

"काय निंघालं वं?"

"काही नाही जी काकू, नंबर नाही लागला. तुमचा एक्स-रे जुना झाला म्हने, नवा काढा लागते." बायकोनं चहाची कपबशी त्यांच्याकडं सरकवली. "अन् मले पुढल्या हिवाळ्यात परत बलावलं हाय."