युरोपातला बीट शेतकरी निर्धास्त आहे, हे खरं नाही

ऊसदराचं आंदोलन पेटलं की एक मजकूर मोबाइलवर हमखास फिरतो. युरोपात बीटची साखर होते, तिथं शेतकऱ्याला हमीभाव आहे, वर भरघोस अनुदान आहे, परदेशी साखरेला दारं बंद आहेत; तरी तो ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येतो, कारण त्याला मधमाश्या मारणारं औषध हवंय. आपल्याकडचे ऊस उत्पादकही हे पुढं पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

हमीभाव होता, आता नाही. 1968 पासून युरोपात कोटा पद्धत (किती साखर करायची याची ठरलेली मर्यादा) होती आणि शेवटी शेवटी कोट्यातल्या बीटला टनाला किमान 26.29 युरो मिळत. 30 सप्टेंबर 2017 ला कोटा संपला, किमान दरही गेला. आज तिथं आपल्या एफआरपीसारखा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरासारखा, दर नाही. पेरणीआधी कारखान्याशी लेखी करार झाला पाहिजे, एवढंच कायदा सांगतो. 2019 च्या सुरुवातीला साखर टनाला 300 युरोंच्या थोडी वर होती, 2023 अखेर 800 च्या पुढं गेली, मग पुन्हा वेगानं उतरली. आणि करारातला दर साखरेच्या भावाला बांधलेला असला, तर हा चढउतार थेट शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

अनुदानाचं म्हणणं अर्धं खरं आहे. हेक्टरी मदत मिळते, पण ती गहू लावणाऱ्यालाही मिळते. खास बीटसाठीची मदत पोलंड, इटलीसारखे काही देश देतात. फ्रान्स आणि जर्मनी हे सर्वांत मोठे उत्पादक देत नाहीत. बाजार मात्र सगळ्यांचा एकच.

दारं बंद? पांढऱ्या साखरेवर टनाला 419 युरो आयात शुल्क आहे, हे खरंच. पण अतिगरीब देशांची साखर विनाशुल्क येते. युद्धाआधी युक्रेनला सुमारे 20 हजार टनांची सवलत होती. जून 2022 मध्ये शुल्क उठलं आणि हंगामाला 4 लाख टनांहून जास्त साखर आली. पुढं मर्यादा घालावी लागली. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या गटाशी झालेल्या करारात ब्राझीलच्या 1 लाख 80 हजार टन साखरेला शुल्कमाफी आहे. शेतकऱ्याचा राग केवळ आकड्यावर नाही. जी औषधं त्याला बंद, ती वापरून पिकवलेल्या उसाची साखर त्याच्याच बाजारात का यावी, हा त्याचा प्रश्न आहे आणि मला तो रास्त वाटतो.

मधमाश्यांचा मुद्दा सर्वांत जास्त गोंधळाचा आहे. बीट फुलोऱ्यावर येण्याआधीच काढतात, त्यामुळं मधमाशी त्या पिकावर फारशी जात नाही. तरीही बियाण्याला लावलेल्या निओनिकोटिनॉइडचा (मधमाश्यांना घातक कीटकनाशकांच्या एका गटाचा) अंश मातीत राहतो, पुढच्या पिकात आणि तणाच्या फुलांत उतरतो. म्हणून 2018 ची उघड्या शेतातली बंदी निराधार नव्हती. चूक झाली ती क्रमात: औषध आधी गेलं, पर्याय आलाच नाही. 2020 मध्ये फ्रान्समध्ये माव्यानं पसरवलेल्या पिवळ्या रोगानं देशाचं सरासरी उत्पादन सुमारे 30 टक्क्यांनी घटलं. सरकारनं तात्पुरती सूट दिली; जानेवारी 2023 मध्ये युरोपीय न्यायालयानं अशा सवलती बेकायदा ठरवल्या. अॅसिटामिप्रिड या त्याच गटातल्या औषधाला युरोपीय संघात 2033 पर्यंत मान्यता आहे, फ्रान्समध्ये मात्र मनाई. ती उठवणारी तरतूद 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनात्मक परिषदेनं रद्द केली. जर्मनीत तुडतुड्यांच्या जातकुळीतला एक कीटक वेगळाच रोग पसरवतोय. त्यानं कंद रबरासारखा होतो आणि साखरेचा उतारा घसरतो. तिथले शेतकरी रोगप्रतिकारक वाण लवकर मागताहेत, नव्या जनुकीय तंत्रांना मोकळीक मागताहेत. याला विषाचा हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे.

मोबाइलवरच्या त्या मजकुरात कारखान्यांबद्दल अवाक्षर नाही. बीटला उसासारखा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटून येणारं पीक) नसतो, शेतकरी पुढच्या वर्षी सहज दुसरं पीक घेऊ शकतो. पण पुरेसे लोक बाहेर पडले की गाळप परवडत नाही आणि राहिलेल्यांचाही कारखाना जातो. बीटचा तीन चतुर्थांश भाग पाणीच, ते लांब वाहून नेणं भाड्यात बसत नाही. आयर्लंडमध्ये मॅलोचा शेवटचा बीट कारखाना 2006 मध्ये बंद झाला. त्या देशात बीटची साखर पुन्हा सुरू झालेली नाही.