अर्धी टाकी ठेवली की अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणे

सध्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरतोय की टाकी फुल करू नका, अर्धीच ठेवा, गाडी हलकी राहती अन् अ‍ॅव्हरेज 3-4 नं वाढतं. तसं काही नसतंय राव.

हिशोब करा ना. पेट्रोल लिटरला साधारण 750 ग्रॅम भरतं, म्हणजे 37 लिटरच्या टाकीत अर्धं कमी टाकलं तर वाचलं किती, 14 किलो! अमेरिकेच्या ईपीएचा (तिथल्या पर्यावरण खात्याचा) ढोबळ आकडा असा की 45 किलो वाढले तर अ‍ॅव्हरेज 1 टक्का पडतं, मग 20 देणाऱ्या गाडीला ह्या 14 किलोनं लिटरमागं फार तर 60 मीटर जास्त मिळतील. तेवढ्यासाठी पंपावर दोनदा लाईनीत कोण थांबणार?

वजनानं फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही बरं का. डिक्कीत सोयाबीनचे दोन कट्टे अन् मागं तिघं बसवून मांजरसुंब्याचा घाट चढा, गाडी सेकंडवर येती, ब्रेकही लवकर दाबावा लागतो. गावात दर स्पीडब्रेकरला थांबून परत उचलायचं म्हणलं की जड गाडी जास्त पितेच. पण समृद्धीवर एका स्पीडनं पळताना खरा खर्च हवा कापण्यात जातो, तिथं 120 ऐवजी 90 नं चालवा अन् टपावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवा.

आणि लोड भरला की टायरमधली हवा वाढवा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तो कुणी बघतच नाही.