साधा बर्गर मागवा, मग ठरवा

एखाद्या ठिकाणचा बर्गर चांगला आहे का हे बघायचं असेल, तर मेन्यूकार्डावरचा सगळ्यात साधा बर्गर मागवावा. बन, पॅटी, चीज, थोडा कांदा, घर्किनच्या, म्हणजे आंबवलेल्या छोट्या काकडीच्या, दोन चकत्या. बस. त्यावर तळलेलं अंडं, अननस, तीन सॉस आणि वरून काडी खोचलेला मनोरा मागवला की काहीच कळत नाही. सॉस आणि कुरकुरीत गोष्टींच्या गर्दीत कोरडी पॅटी आणि शिळा बन सहज लपतात. साध्या बर्गरमध्ये लपायला जागाच नसते. ज्यांना तो जमतो त्यांचे बाकीचेही बहुतेक जमलेले असतात. ज्यांना तो जमत नाही त्यांच्याकडे दुसरा बर्गर मागवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

बर्गर समोर आला की आधी वरचा बन उचलून आतली कापलेली बाजू बघा. ती सोनेरी, किंचित कडक आणि लोण्याच्या वासाची असली पाहिजे. पांढरी आणि मऊ असेल तर बन शेकलेलाच नाही. शेकणं दिसायला छान म्हणून नसतं. कापलेल्या बाजूवर पातळ कोरडा थर तयार होतो आणि तो पॅटीचा रस काही मिनिटं अडवून धरतो. तो थर नसला की खालचा बन दोन घासांत लगदा होतो आणि बर्गर हातातच फाटतो. एक मिनिटाचं काम आहे. ते टाळणारं स्वयंपाकघर आणखी काय काय टाळत असेल, हा प्रश्न पडतोच.

मग पॅटीची कड बघा. गडद तपकिरी, ठिकठिकाणी जाळीदार झालेली कड म्हणजे तवा खरंच तापलेला होता. सगळीकडून एकसारखी करडी पॅटी म्हणजे ती भाजली नाही, स्वतःच्या पाण्यात शिजली. मांसाचा तो खमंग तपकिरी रंग आणि वास मायार प्रक्रियेतून, म्हणजे उष्णतेनं मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्यात होणाऱ्या बदलातून, येतो आणि तिला जोर चढतो साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. म्हणून थंड तवा, ओला खिमा आणि एका वेळी तव्यावर दाटीवाटीनं टाकलेल्या पॅटी या तिन्ही चुकांचा निकाल एकच: करडी, उकडल्यासारखी पॅटी.

उघडं स्वयंपाकघर असेल तर तव्याजवळची जागा धरा. दोन गोष्टी बघण्यासारख्या असतात. एक, प्रत्येक खेपेनंतर तवा खरवडला जातो का. नाही तर आधीच्या पॅटीचे जळके कण पुढच्या पॅटीला कडू करतात. दुसरी, उलथनं पॅटीवर कधी दाबलं जातं. गोळा तव्यावर पडल्यापासून पहिल्या तीसेक सेकंदांत दाबला तर उत्तम. तेव्हा चरबी अजून घट्ट असते, प्रथिनं आकसलेली नसतात, त्यामुळे रस जागच्या जागी राहतो आणि पॅटीचा जास्तीत जास्त भाग तव्याला चिकटून खरपूस होतो. तीच पॅटी दोन मिनिटांनी, किंवा उलटल्यावर दाबली, की जोरात चर्रर्र आवाज होतो. तो आवाज वितळलेली चरबी आणि रस बाहेर पडल्याचा. चव तव्यावर जळते आणि बनमध्ये येतो चोथा. उलटलेली पॅटी दाबणाऱ्या ठिकाणी मी पुन्हा जाण्याचा सल्ला कुणालाच देणार नाही.

मेन्यू छोटा असणं ही चांगली खूण. वीस प्रकारच्या पॅटी रोज ताज्या करणं छोट्या स्वयंपाकघराला शक्य नसतं, त्यातल्या बऱ्याच फ्रीझरमधून येतात. गोठवलेली पॅटी वाईटच असते असं नाही. जाड पॅटी नीट गोठवली असेल तर बरी लागते. पण तिचा स्मॅश बर्गर, म्हणजे तापल्या तव्यावर गोळा दाबून पातळ केलेला बर्गर, होत नाही, कारण दाबायला मऊ, सैल गोळा लागतो. मेन्यूवर ‘स्मॅश’ लिहिलंय आणि पॅटीची कड कंपासनं काढल्यासारखी गोल आहे, तर तो शब्द फक्त कागदावर आहे.

आता घरचं. घरी सुरुवात करायची तर स्मॅश बर्गरनंच करावी, कारण त्यात सामान कमी लागतं आणि चूक कुठे झाली ते लगेच समजतं. खिम्यात चरबी किती, यावर अर्धा निकाल ठरतो. गोमांस असो, म्हशीचं मांस असो की मटण, वजनाच्या साधारण 20 टक्के चरबी हवी. 10 टक्क्यांच्या आसपास असेल तर पॅटी कोरडी होणार, मसाले कितीही घाला. खाटकाला खांद्याचा भाग मागा आणि चरबी काढू नका असं स्पष्ट सांगा. चिकनचा खिमा मांडीचा घ्या आणि थोडी कातडी त्यातच बारीक करून घ्या. नुसत्या छातीच्या मांसाची पॅटी रबरी होते.

खिमा घरी काढणार असाल तर मांसाचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे ताटलीत पसरून फ्रीझरमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवा, कडा कडक होईपर्यंत. यंत्राचं पातंही थंड करा. मांस गरम झालं की चरबी कापली जात नाही, माखली जाते. मग खिमा गुळगुळीत दिसतो आणि शिजल्यावर घट्ट, दाणे नसलेला लागतो. फूड प्रोसेसर असेल तर थोडे थोडे तुकडे घालून थांबून थांबून फिरवा, सलग नाही.

60 ग्रॅमचे गोळे करा, माणशी दोन. गोळे वळताना मळायचं नाही, जेमतेम एकत्र राहतील इतकंच दाबायचं, आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचे. बिडाचा जाड तवा मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की क्षणात उडून गेला पाहिजे. नॉनस्टिक तवा इथे नको. रिकामा नॉनस्टिक तवा इतका तापवणं त्याच्या लेपासाठी चांगलं नाही, आणि पॅटी त्याला चिकटत नसल्यामुळे हवी तशी कडही येत नाही. तव्यावर तेल अगदी पुसल्यासारखं. गोळा ठेवा, त्यावर बटर पेपरचा चौकोन, आणि त्यावरून सपाट तळाच्या जड भांड्यानं किंवा उलथन्यानं दहा सेकंद जोर देऊन दाबा. पॅटी अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाड झाली पाहिजे. कागद सोलून काढा आणि मीठ-मिरपूड आता वरून घाला.

मिठाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण घरच्या बर्गरमध्ये सर्वांत जास्त बिघाड इथे होतो. खिम्यात मीठ मिसळून ठेवलं की ते मांसातलं मायोसिन हे प्रथिन विरघळवतं. ते चिकट होऊन खिम्याचे कण एकमेकांना घट्ट बांधतं. सॉसेजमध्ये तोच लवचिक पोत मुद्दाम आणलेला असतो. बर्गरमध्ये तो नको. इथे पॅटी दाताखाली अलगद सुटली पाहिजे. म्हणून मीठ फक्त वरून आणि तव्यावर गेल्यावरच. आलं-लसूण, कांदा, अंडं, ब्रेडचा चुरा खिम्यात कालवला तर जे तयार होतं ते चविष्ट असेल, पण तो कबाब झाला. अपवाद चिकनचा. त्याचा खिमा फार मऊ असतो, तिथे थोडं मीठ आत घातल्यानं पॅटी धरून राहते.

दाबल्यावर हात लावायचा नाही. साधारण दीड मिनिटात वरच्या बाजूला रसाचे थेंब दिसतात आणि कड तपकिरी होते. मग धारदार कडेचं स्टीलचं उलथनं तव्याला जवळजवळ आडवं धरून एका झटक्यात खरवडा. इथे हळुवारपणा कामाचा नाही. उलथनं उभं धरलं तर सगळा खरपूस थर तव्यावरच राहतो आणि हातात फक्त वरचं मांस येतं. उलटा, चीज ठेवा, अर्धा-पाऊण मिनिट द्या, दोन पॅटी एकमेकींवर चढवा आणि थेट बनवर. सगळं अडीच मिनिटांत संपतं, म्हणून बन आधी शेकलेले आणि सॉस लावलेले तयार हवेत. पॅटी झाल्यावर कांदा चिरायला घेतला तर बर्गर गेलाच.

कांद्याचा एक प्रकार नक्की करून बघा. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एल रेनो गावाचा कांदा-बर्गर 1920च्या दशकापासून चालत आलाय. कागदासारखा पातळ कापलेला कांदा, मूठभर, गोळ्यावर ठेवून गोळ्यासकट दाबायचा. उलटल्यावर कांदा खाली जातो, मांसाच्या चरबीत शिजतो आणि कडेला करपून गोड होतो. महाग मांसात कांद्याची भर घालून ते पुरवणं हा मूळ हेतू होता, पण चवीला हा बर्गर कुठल्याही श्रीमंत बर्गरच्या तोडीचा आहे. कांद्याला पाणी सुटतं, म्हणून उलटल्यानंतर अर्धा मिनिट जास्त द्या.

जाड पॅटी हवी असेल तर 150 ते 170 ग्रॅम, दोन सेंटिमीटर जाड, आणि बनपेक्षा एक-दीड सेंटिमीटर रुंद, कारण शिजताना ती आकसते. मधोमध अंगठ्यानं उथळ खळगा करा, नाहीतर कडा आकसतात आणि मधला भाग चेंडूसारखा फुगतो. आच मध्यम. आणि थर्मामीटर वापरा. स्टेकमध्ये, म्हणजे मांसाच्या अख्ख्या जाड तुकड्यात, जंतू बहुतांश पृष्ठभागावर असतात, भाजल्यावर ते मरतात, म्हणून तो आतून गुलाबी चालतो. खिमा करताना तो पृष्ठभाग आत मिसळला जातो. म्हणून पॅटी आतपर्यंत तापली पाहिजे: अमेरिकेच्या कृषी खात्याचा आतल्या तापमानाचा आकडा लाल मांसाच्या खिम्यासाठी 71 अंश आहे, चिकनसाठी 74. रंगावर विसंबू नका. खिमा त्याआधीही तपकिरी दिसू शकतो.

चीजबाबत माझं मत ठाम आहे: साधा प्रोसेस्ड स्लाइस. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, ते प्रथिनं आणि चरबी वेगळी होऊ देत नाहीत, म्हणून तो एकसंध वितळून पॅटीला लपेटतो. जुनं, मुरलेलं चेडर चवीला कितीतरी वरचढ, पण तापलं की तेल सोडतं आणि दाणेदार होतं. ते वापरायचंच तर कमी मुरलेलं घ्या, किसून घाला, तव्यावर चमचाभर पाणी टाकून वीस सेकंद झाकण ठेवा.

बन बाजारात चांगला मिळत नसेल तर घरी करणं अवघड नाही. 400 ग्रॅम मैदा, 220 मिलिलिटर कोमट दूध, एक अंडं, 40 ग्रॅम मऊ लोणी, 30 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम मीठ, 6 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. लोणी शेवटी घाला, दहा-बारा मिनिटं मळा, दुप्पट होऊ द्या, 90 ग्रॅमचे आठ गोळे करा. ते ट्रेमध्ये तळव्यानं थोडे चपटे करा, नाहीतर बन उंच होतो आणि तोंडात मावत नाही. पुन्हा फुगल्यावर ओव्हनमध्ये 190 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. पीठ हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा घालत राहिलात तर बन कोरडा होणार. मळत राहा, पीठ आपोआप सुटं होतं. कडक सालीचा पाव मात्र बर्गरला कधीच घेऊ नका. चावायला जोर लावला की पॅटी मागच्या बाजूनं बाहेर येते.

शाकाहारी पॅटी बिघडते ती पाण्यामुळे. उकडलेल्या कडधान्यात आणि मशरूममध्ये भरपूर पाणी असतं, ते आत राहिलं की पहिल्याच घासाला पॅटी दोन्ही बाजूंनी बाहेर सांडते. 250 ग्रॅम शिजवून निथळलेला राजमा ट्रेमध्ये पसरून 175 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं वाळवा, साली तडकेपर्यंत. 150 ग्रॅम मशरूम बारीक चिरून पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, त्यातच एक कांदा तपकिरी करा. राजमा अर्धा ठेचा, अर्धा अख्खा ठेवा. 40 ग्रॅम ब्रेडचा चुरा आणि एक अंडं, किंवा अंड्याऐवजी दोन चमचे कॉर्नफ्लोअर. चार पॅटी होतात. तासभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय तव्यावर टाकू नका. रेस्टॉरंटमध्येही शाकाहारी पॅटी याच कसोटीवर तपासा: ती दाताला थोडा प्रतिकार करते का. मऊ बनमध्ये मऊ लगदा, असलं काही पैसे देऊन खाऊ नये.

टोमॅटो पिकलेला आणि लाल असेल तरच, आणि मीठ लावून पाच मिनिटं कागदावर ठेवून. लेट्यूस आइसबर्ग, कोरडं केलेलं. सॉस चार चमचे मेयोनेज, एक चमचा केचप, अर्धा चमचा मोहरी सॉस, बारीक चिरलेली घर्किन आणि तिच्या बरणीतलं थोडं पाणी. ते आंबट पाणी विसरू नका, चरबीला उतारा तोच.

पार्सल मागवत असाल तर बंद डब्यातली वाफ शेकलेला बन दहा-पंधरा मिनिटांत ओला करते, हे लक्षात ठेवा. सॉस आणि टोमॅटो वेगळे मागा, डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवून आणा. घरी पोचल्यावर बर्गर सोडवा, बनची कापलेली बाजू तव्यावर टेकवा, पॅटी झाकण ठेवून मिनिटभर गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये बन चामट होतो. पार्सलसाठी जाड पॅटीचा बर्गर निवडा, तो उष्णता धरून ठेवतो. स्मॅश बर्गर मात्र तिथेच, तव्यावरून उतरल्या उतरल्या खा.