‘पावडरीत भेसळ आहे’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या कामाला दिलेला एक तारा आणि तक्रार पाहिली. आमच्या वेर्ण्याच्या शेडमधून तुम्ही बोटीच्या पंपाचा ॲल्युमिनियम ब्रॅकेट धातूच्या पावडरीपासून थ्रीडी प्रिंट करून नेलात, बाहेर टी-सिक्स (भट्टीत खूप तापवून, झटकन निववून, पुन्हा हलकं तापवायची प्रक्रिया) करून घेतलात, तर तो कडक व्हायचा सोडून मऊ पडला आणि अंगावर फोड आले. आमच्या कागदावर कडकपणा 120 विकर्स, तुमच्या तपासणीत 92. म्हणून पावडरीत भेसळ, असं तुमचं म्हणणं. शिवाय माल दहा दिवस उशिरा मिळाला.

उशीर आमचाच. चवथीला ऑपरेटर गावी जाणार हे मला ठाऊक होतं, तुम्हाला सांगितलं नाही.

भेसळ मात्र नाही. बेळगावहून तुम्ही आणता त्या कास्टिंगला टी-सिक्स केलं की ताकद चढते, हे अगदी बरोबर. आमचा धातूही जवळपास तसाच: ॲल्युमिनियम, 10 टक्के सिलिकॉन, चिमूटभर मॅग्नेशियम. फरक पडतो तो निवण्यात. खडीसाखरेचा पाक दिवसेंदिवस निवांत ठेवतात म्हणून खडे मोठे होतात. साच्यातल्या रसाचंही तसंच, सिलिकॉनच्या जाड सुया बनतात. लेझरखाली मात्र पावडरीचा 30 मायक्रॉनचा थर वितळतो न वितळतो तोच गोठतो, सेकंदाला काही लाख अंशांच्या वेगाने. सिलिकॉनला गोळा व्हायला सवडच नाही. थोडं ॲल्युमिनियममध्येच अडकतं, बाकीचं मायक्रॉनहून लहान कप्प्यांभोवती जाळं विणतं. ब्रॅकेटची बरीचशी ताकद या जाळ्यात असते.

टी-सिक्समध्ये तो 530 अंशांच्या आसपास तासन्‌तास राहिला. तेवढ्यात जाळं तुटतं आणि सिलिकॉनचे गोळे होतात. पुढे एजिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या हलक्या तापवण्यात, बारीक कण तयार होऊन थोडी ताकद परत येते, पण गेलेलं भरून निघत नाही. कास्टिंगकडे मुळात असलं जाळंच नसतं, त्यामुळे तिथे सगळा फायदाच दिसतो. (तुमचा ब्रॅकेट वाकला पण तडकला नाही, तीही टी-सिक्सचीच करणी.)

म्हणून आम्ही प्रिंट झाल्यावर फक्त 170 अंश देतो. तेवढ्यात जाळं टिकतं. हे चलनावर लिहायला हवं होतं. लिहिलं नव्हतं. तुम्ही सवयीने भट्टीत घातलात, तुमच्या जागी मीही घातला असता.

फोडांचं प्रकरण वेगळं, आणि त्यात तुमची चूक नाही. पावसाळ्यात इथल्या हवेत मीठसुद्धा पाझरतं, मग पावडर कशी कोरडी राहील? ओलाव्यातला हायड्रोजन धातूत बारीक बुडबुडे होऊन अडकतो. एरवी ते कळत नाहीत, पण 530 अंशांना धातू मऊ पडला की आतला वायू फुगतो. तुमच्या बॅचचा राखून ठेवलेला तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला: गोल छिद्रं नेहमीपेक्षा जास्त. तो डबा वाळवल्याशिवाय वापरला गेला होता.

नवा ब्रॅकेट वाळवलेल्या पावडरीचा करून देतो, पैसे नकोत. जुना सोबत आणा, तुमच्यासमोर कापून दोन्ही तुकडे शेजारी ठेवून दाखवतो. तेवढं एक आधी कळवा: ब्रॅकेट इंजिनाच्या एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या नळीला) लागून बसतो का? तिथे तो सतत 250 अंशांच्या वर तापणार असेल तर हे जाळं बोटीवरही टिकणार नाही, मग धातूच बदलावा लागेल.