इंजिनचा दिवा विझवण्याचे सोपे उपाय

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की घाबरून जाऊ नका. काळ्या चिकटपट्टीचा बेताचा तुकडा कापा आणि त्यावर डकवा. दिवा लुकलुकत असेल तर पट्टी जरा जाड घ्या. दिवा लुकलुकतोय म्हणजे सिलिंडर मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतंय, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळेल, वेग कमी करा, गाडी थांबवा, असं जाणकार सांगत सुटतात. जाणकारांना कुठे वेळेवर पोचायचं असतं?

चिकटपट्टी अडाणीपणाची वाटत असेल तर गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घ्या. स्टिअरिंगच्या आसपास खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, ते बहुधा तुमच्यासाठीच. स्कॅनर त्यात खुपसा, मोबाइलला जोडा, झालात मेकॅनिक. कोड वाचायचा, त्यात ज्या पार्टचं नाव येईल तो मागवायचा आणि बसवायचा. मध्ये विचार करण्याची पायरीच नाही, ही या पद्धतीची खरी खुबी.

समजा, पी ०१७१ आला. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ही चहाडी ऑक्सिजन सेन्सरने केली, तेव्हा अपराधी तोच. बदला त्याला! नवा सेन्सरही तितक्याच तत्परतेने तीच चहाडी करील, कारण इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डजवळची व्हॅक्यूमची रबरी नळी तडकलेली आहे आणि एअरफ्लो सेन्सरला चुकवून तिथून हवा आत घुसते आहे. इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली कान दिला तर सूं सूं आवाज येण्याचा धोका असतो, म्हणून बॉनेट उघडूच नका. स्कॅनरवर दिसणाऱ्या लाइव्ह डेटाकडे तर फिरकूही नका. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, फ्युएल ट्रिम (संगणकाने पेट्रोलात केलेली वाढ-घट) अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याच्या आसपास, एवढं जरी नजरेस पडलं तरी संशय नळीवर जातो आणि नव्या सेन्सरची सगळी मजा जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर पुरावे बघून कसं चालेल?

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इथे काही चिकट माणसं पहिल्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) काढून तिसऱ्यावर बसवतात आणि तिसऱ्याची पहिल्यावर. कोड बदलून पी ०३०३ झाला तर कॉइल खराब. जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघायचं. खर्च काहीच नाही. आता फुकटच्या तपासणीला प्रतिष्ठा ती काय? तुम्ही चारही कॉइल आणि चारही प्लग एकदमच बदला. दोष मग इंजेक्टरमध्ये निघाला तरी नव्या कॉइल दिसायला छान दिसतात.

पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही, हा कोड आला की थेट कन्व्हर्टर बदला. आधी एक्झॉस्टची गळती तपासा म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, आणि जुना कशाने गेला हेही विचारू नका. इंजिन ऑइल जाळत असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल. तेव्हाचं तेव्हा बघू. पी ०४५५, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती, मात्र फार निराश करतो. टाकीचं झाकण घट्ट लावलं की पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं आणि काहीच विकत घेता येत नाही.

एवढं करूनही दिवा छळत असेल तर गॅरेजची वाट धरा, पण निघण्यापूर्वी आठवणीने सगळे कोड पुसून टाका. त्यांच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिनवर लोड किती होता, कूलंट किती तापला होता, ही सगळी नोंद साफ. दिवाही विझलेला असतो, त्यामुळे गाडी अगदी निर्व्यसनी दिसते. मेकॅनिक साहजिकच विचारील, त्रास कधी होतो, इंजिन थंड असताना की तापल्यावर? चढावर की सिग्नलला उभं असताना? त्याला सांगा, “होतो कधीकधी. तुम्हीच बघा ना काय ते.”